परसातली मधपेटी माघ-फाल्गुनात का फुटते आणि तेव्हा काय करावे

आंब्याचा मोहोर भरात येऊन शेवग्याच्या फांद्या पांढऱ्या दिसू लागल्या की, ज्यांच्या परसात मधमाश्यांची पेटी आहे अशा घरांत एखाद्या सकाळी एकच धांदल उडते. दहा-अकराच्या सुमारास पेटीच्या दारातून माश्या ओतल्यासारख्या बाहेर पडतात, अंगणावर त्यांचा गरगरणारा ढग तयार होतो, त्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो आणि पंधरा-वीस मिनिटांत तो सगळा ढग जवळच्या चिकूच्या किंवा आंब्याच्या फांदीवर सालासकट नारळाएवढा गोळा होऊन लोंबू लागतो. पेटीचा मालक हळहळतो की माश्या पळाल्या. शेजारी खिडक्या लावून घेतात, कारण आपल्या भाषेत ‘मोहोळ उठले’ याचा अर्थ एकच होतो, तो म्हणजे आता माश्या चावणार.

या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पेटीतल्या सगळ्या माश्या गेलेल्या नसतात आणि गेलेल्या माश्या कोणावर चाल करून जात नसतात. मधपाळ, म्हणजे मधमाश्या पाळणारे लोक, या घटनेला ‘वसाहत फुटणे’ म्हणतात आणि फांदीवर जाऊन बसलेल्या गोळ्याला ‘थवा’. ही घटना नेमकी काय आहे हे एकदा नीट कळले, तर ती होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी तिची चाहूल लागते आणि माश्या गमावण्याऐवजी घरच्या घरी एका पेटीच्या दोन पेट्या करता येतात.

येथे जे लिहिले आहे ते मुख्यतः सातेरी मधमाशीबद्दल आहे. सह्याद्रीत, कोकणात आणि गोव्यात झाडांच्या ढोलीत, दगडांच्या कपारीत, जुन्या घरांच्या भिंतींत एकापेक्षा अधिक पोळी एकमेकांना समांतर बांधून राहणारी आपली देशी माशी ती हीच. अंधारात राहण्याच्या या सवयीमुळेच ती पेटीत नांदते. महाबळेश्वरच्या मध संचालनालयाचे काम मोठ्या प्रमाणावर याच माशीभोवती उभे आहे आणि त्याच तालुक्यातले मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले.

पेटी म्हणजे एकच जनावर

पेटीत काही हजार माश्या असतात, म्हणून आपण त्यांना कळप समजतो. त्यापेक्षा सगळी वसाहत मिळून एकच प्राणी आहे असे समजावे, म्हणजे पुढचे बरेच कोडे सुटते. एकटी कामकरी माशी फार दिवस जगू शकत नाही, एकटी राणी स्वतःचे पोटही भरू शकत नाही आणि नर तर फुलावरचा मधही गोळा करत नाहीत. जगते, उपाशी राहते, आजारी पडते ती वसाहत. असा हा प्राणी असेल तर त्याचे वाढणे आणि त्याला पिल्लू होणे या दोन निराळ्या गोष्टी झाल्या. राणीने रोज शेकडो अंडी घातली तरी ती फक्त वाढ असते. वसाहतीला पिल्लू होते ते ती फुटते तेव्हाच, म्हणजे एका घराची दोन घरे होतात तेव्हा. फुटणे हा रोग नाही आणि माश्यांची नाराजीही नाही. भरल्या घराचे ते बाळंतपण आहे.

या बाळंतपणात एक गंमत अशी की घर सोडते ती आई. आपल्याकडे लेक सासरी जाते. येथे म्हातारी राणी निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक कामकरी माश्या बरोबर घेऊन बाहेर पडते आणि बांधलेली पोळी, साठवलेला मध, अंडी-अळ्या असे भरलेले घर अजून जन्मायच्या असलेल्या लेकीसाठी मागे ठेवते. निघताना प्रत्येक माशी पोटात मध भरून घेते. नव्या जागी पहिले पोळे बांधायला लागणारे मेण या शिदोरीतूनच तयार व्हायचे असते.

ही वेळ आली हे वसाहतीला कळते कसे? राणीच्या शरीरातून एक रसायन स्रवते. शास्त्रज्ञ अशा रसायनांना फेरोमोन म्हणतात. आपण त्याला राणीगंध म्हणू. राणीला चाटणाऱ्या, भरवणाऱ्या माश्या तो गंध घेऊन इतरांना देतात आणि तो साऱ्या पेटीत फिरत राहतो, तोवर ‘आई घरात आहे’ हे सर्वांना ठाऊक असते. लग्नघरात पाहुणे वाढत गेले की माजघरातल्या आजीचे बोलणे ओसरीवरच्या माणसापर्यंत पोहोचेनासे होते, तसेच येथे घडते. माश्या वाढतात, पोळ्यांवर दाटी होते, राणी मधल्या पोळ्यांवर अडकते आणि कडेच्या पोळ्यांवरच्या माश्यांना तिचा गंध पुरेसा मिळेनासा होतो. त्यात अंडी घालायला पोळ्यात रिकामी घरे, म्हणजे मेणाचे कप्पे, उरलेली नसतात आणि बाहेर फुले भरपूर असतात. अशा वेळी कामकरी माश्या नवी राणी वाढवायला घेतात.

माश्यांचा वसंत कोणत्या महिन्यात येतो

युरोपात हा हंगाम मुख्यतः एप्रिल अखेरपासून जूनपर्यंत असतो. २० मे हा जागतिक मधमाशी दिन स्लोवेनियाच्या अंतोन यान्शा या अठराव्या शतकातल्या मधपाळाच्या जन्माची आठवण म्हणून पाळला जातो आणि त्याने लेखनासाठी निवडलेला पहिला विषय हे थवेच होते. मात्र तिकडची पुस्तके वाचून आपण मे महिन्याची वाट पाहिली तर हाती रिकामी पेटी येते. आपल्याकडे माश्यांचा वसंत पंचांगावर नव्हे, फुलोऱ्यावर ठरतो. आंबा, काजू, शेवगा यांच्या मोहोराबरोबर परागाची आवक वाढते, राणी अंडी वाढवते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे माघ-फाल्गुनात, वसाहती फुटू लागतात. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास रानफुलांवर आणखी एक लहानसा हंगाम येतो. गावागणिक यात दोन-तीन आठवड्यांचा फरक पडतो, म्हणून आपल्या अंगणातला शेवगा कधी फुलतो याची नोंद ठेवणे हे कोणत्याही छापील वेळापत्रकापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.

चाहूल: तळाच्या फळीपासून राणीघरापर्यंत

पहिली खूण पेटी न उघडताही दिसते. नरांची घरे कामकरी माश्यांच्या घरांपेक्षा मोठी असतात आणि त्यांची झाकणे टोपीसारखी उंचावलेली असतात. सातेरीच्या नरघराच्या झाकणाला मधोमध टाचणीने टोचल्यासारखे बारीक छिद्र असते, जे परदेशी मेलिफेरा माशीच्या नरघराला नसते. नर बाहेर पडू लागले की ही छिद्राची, चामड्यासारखी चिवट झाकणे तळाच्या फळीवर आणि दारापुढे पडलेली आढळतात. जपानमध्येही याच जातीची माशी पाळतात आणि तिथले मधपाळ दारापुढची ही झाकणे पाहूनच थवा पकडायची तयारी करतात. कारण साधे आहे. नव्या राणीला इतर वसाहतींच्या नरांशी मीलन करावे लागते, म्हणून सगळ्याच वसाहती राण्या वाढवण्याआधी नर वाढवून ठेवतात. नराला अंड्यापासून बाहेर यायला सुमारे २४ दिवस लागतात आणि वयात यायला आणखी काही दिवस. त्यामुळे नर वाढलेले दिसणे म्हणजे घरात लग्नाची बोलणी सुरू झाल्यासारखे आहे. तारीख अजून ठरलेली नसते.

तारीख कळते ती राणीघरांवरून. नवी राणी ज्यांत वाढते ती ही घरे पोळ्याच्या खालच्या काठाला, उलट्या टांगलेल्या लहानशा भुईमुगाच्या शेंगेसारखी लोंबतात. सुरुवातीला नुसत्या उपड्या वाट्या दिसतात. त्या रिकाम्या असतील तर घाबरण्याचे कारण नाही, कारण कित्येक वसाहती अशा वाट्या बांधून तशाच ठेवतात. वाटीत अंडे किंवा राजान्नात, म्हणजे राणीच्या अळीला भरवायच्या पांढऱ्या, दाट खाद्यात, तरंगणारी अळी दिसली की मात्र दिवस मोजायला घ्यावेत. अंडे तीन दिवस, अळी साधारण पाच दिवस, मग घराचे तोंड मेणाने बंद होते. म्हातारी राणी बहुधा हे तोंड बंद होण्याच्या सुमारास थव्याबरोबर निघून जाते, नवी राणी जन्माला येण्याची वाट पाहत नाही. तोंड बंद झाल्यानंतर सात-आठ दिवसांनी नवी राणी बाहेर येते. त्याआधी कामकरी माश्या टोकाचे मेण कुरतडून काढतात आणि आतला तपकिरी कोश उघडा दिसू लागतो. असे टोक दिसले तर राणी एक-दोन दिवसांत येणार हे नक्की.

या हिशेबामुळेच हंगामात दर सहा-सात दिवसांनी पेटी तपासावी असे सांगतात. दर पंधरा दिवसांनी पाहणाऱ्याच्या दोन तपासण्यांच्या मध्ये अंडे घालण्यापासून थवा जाण्यापर्यंतचा सगळा कार्यक्रम आरामात उरकतो. तपासणी ऊन चढल्यावर, सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान करावी. स्मोकरचा, म्हणजे माश्या शांत करणाऱ्या धुराच्या भांड्याचा, धूर बेताचा द्यावा, चौकट, म्हणजे पोळे ज्यात बांधलेले असते ती लाकडी पट्ट्यांची फ्रेम, सरळ वर उचलावी आणि खालचा काठ आधी पाहावा. सातेरी जात मवाळ असली तरी भित्री आहे, त्यामुळे उगाच रोज पेटी उघडणाऱ्या हौशी माणसालाही ती कंटाळते.

दूध उतू जाण्याआधी

गॅसवर दूध वर येऊ लागले की आपल्यापुढे तीन मार्ग असतात: आधीच मोठे पातेले घ्यायचे, वेळेवर दोन पातेल्यांत ओतायचे किंवा झाकण दाबून धरायचे. पेटीच्या बाबतीतही हेच तीन मार्ग आहेत.

मोठे पातेले म्हणजे जागा. पिल्लांच्या कप्प्यातल्या सगळ्या चौकटींवर माश्या दिसू लागल्या की दाटी होण्याची वाट न पाहता वर मधाचा कप्पा चढवावा. जुनी, काळी पडलेली पोळी काढून त्या जागी मेणपत्रा, म्हणजे पोळ्याचा पाया म्हणून मेणाचा पातळ पत्रा, लावलेल्या चौकटी द्याव्यात, म्हणजे तरुण माश्यांना मेण बांधायचे काम मिळते आणि राणीला अंडी घालायला नवी घरे मिळतात. अंडी-पिल्लांच्या मध्यभागी मध भरून राणीची जागा अडली असेल, तर ती मधाची चौकट कडेला सरकवावी. पेटी दुपारच्या उन्हात तापत असेल तर सावली करावी, कारण गर्दीइतकाच उकाडाही माश्यांना दाराबाहेर ढकलतो. ही कामे राणीघरे बांधली जाण्याआधी केली तरच उपयोगी पडतात. वाटीत अळी दिसल्यावर कप्पा चढवणे म्हणजे दूध शेगडीवर सांडल्यावर पातेले शोधायला जाणे होय.

एका पेटीच्या दोन

अळी असलेली राणीघरे दिसली की दुसरा मार्ग धरावा, म्हणजे वसाहतीने स्वतःहून फुटण्याआधी ती आपण विभागावी. यासाठी रिकामी पेटी आधीपासून तयार हवी. ऐन वेळी सुताराकडे धावणाऱ्याचा थवा वाट पाहत नाही.

पहिले काम म्हणजे म्हातारी राणी शोधणे. ती ज्या चौकटीवर आहे ती चौकट, आणखी दोन-तीन पिल्लांच्या चौकटी, एक मध-परागाची चौकट आणि त्यांवरच्या सगळ्या माश्या नव्या पेटीत ठेवाव्यात. या चौकटींवर एकही राणीघर राहू देऊ नये. तरुण माश्या अंगावर घेतलेल्या एक-दोन चौकटी हळूच झटकून आणखी थोड्या माश्या त्यात घालाव्यात. म्हातारीला नवे घर, मोकळी जागा आणि सोबतीला पुरेशा माश्या मिळाल्या की थव्याने जायची तिची घाई बहुधा ओसरते. जे तिला हवे होते ते आपण बसल्या जागी दिलेले असते. जुन्या पेटीत उरलेल्या चौकटींपैकी सर्वांत पुष्ट, सरळ वाढलेली एक किंवा दोन राणीघरे ठेवून बाकीची काढून टाकावीत. सगळी ठेवली तर पहिली कुमारी, म्हणजे अजून मीलन न झालेली, राणी बाहेर येताच उरलेल्या माश्यांचा अर्धा भाग घेऊन ती निघून जाऊ शकते, मग दुसरी, मग तिसरी. आणि शेवटी पेटीत मूठभर माश्या उरतात.

आता प्रश्न येतो चरायला गेलेल्या माश्यांचा. त्यांना पेटी नव्हे, पेटीची जागा लक्षात असते, त्यामुळे नवी पेटी परसाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली तर बाहेरून येणाऱ्या साऱ्या माश्या जुन्याच जागी परततात आणि नवी पेटी दुबळी होते. त्यावर सोपा तोडगा असा की जुनी पेटी मूळ जागेपासून एक-दीड फूट डावीकडे सरकवावी आणि नवी तितक्याच अंतरावर उजवीकडे ठेवावी. परतणाऱ्या माश्यांना आपले घर नेमके जागेवर सापडत नाही, त्या दोन्हींकडे वाटल्या जातात. एका बाजूला जास्त गर्दी झालेली दिसली तर ती पेटी थोडी आणखी दूर सरकवली की तराजू बरोबर होतो. दोन-तीन किलोमीटरवर कोणाची बाग असेल तर एक पेटी तेथे नेऊन ठेवणे हा त्याहूनही सोपा मार्ग आहे.

विभागणीनंतरचा हिशेब प्रत्येकाने कागदावर मांडून पाहावा. फेब्रुवारीच्या पाच तारखेला तोंड बंद झालेल्या राणीघरासह विभागणी केली असे धरू. नवी राणी साधारण १३ तारखेला बाहेर येईल, पाच-सात दिवसांनी उन्हाच्या वेळी मीलनासाठी उडेल, अनेक नरांशी मीलन करून परतेल आणि २२-२३ तारखेच्या सुमारास अंडी घालू लागेल. त्या अंड्यांतून कामकरी माश्या निघायला सुमारे २० दिवस लागतात, म्हणजे मार्चचा मध्य आला. नवी माशी आधी घरातली कामे करते आणि साधारण तीन आठवड्यांची झाल्यावर फुलांवर जाऊ लागते, म्हणजे एप्रिलचा पहिला आठवडा. म्हातारीने विभागणीच्या आधी घातलेल्या शेवटच्या अंड्यांतल्या माश्या तर फेब्रुवारी अखेरीसच बाहेर आलेल्या असतात, त्यामुळे मधल्या दोन-अडीच आठवड्यांत या पेटीत एकही नवी माशी जन्मत नाही. सह्याद्रीत जांभळीचा बहर ज्या काळात मिळतो, तोपर्यंत फेब्रुवारीतली विभागणी सावरते. मार्चच्या मध्यात केलेली विभागणी मे महिन्याच्या मध्याला कुठे उभी राहते, तेव्हा फुले ओसरलेली असतात आणि पाऊस दारात असतो.

राणीघरे मोडली की झाले, नाही का?

हा तिसरा मार्ग, झाकण दाबून धरण्याचा, आणि नवख्या मधपाळाला तोच सर्वांत आवडतो. दर आठवड्याला राणीघरे चिमटून टाकली तर फुटण्याचे कारणच उरणार नाही, असे त्याला वाटते. परंतु राणीघर हे कारण नव्हे, परिणाम आहे. दाटी तशीच राहिली तर माश्या पुन्हा नवी घरे बांधतात, आणि माश्यांनी झाकलेल्या चौकटीच्या कोपऱ्यातले एक घर नजरेतून सुटले की सगळी मेहनत वाया जाते. याहून वाईट शक्यता अशी की थवा आधीच गेलेला असतो, हे ध्यानात न येता मालक मागे उरलेली सगळी राणीघरे मोडतो आणि पेटी कायमची पोरकी करतो. म्हणून राणीघर मोडण्यापूर्वी राणी किंवा निदान ताजी, घराच्या तळाशी उभी असलेली अंडी दिसलीच पाहिजेत, हा नियम मोडू नये.

‘मग राणीचा पंख कापून टाकावा,’ असे काही जण सुचवतात. पंख कापलेली राणी थव्याबरोबर निघते, दारापुढे गवतात पडते आणि बहुधा मरते. थवा परत पेटीत येतो आणि आठवड्याभरात पहिल्या कुमारी राणीबरोबर पुन्हा निघतो. मधपाळाला चार दिवस अधिक मिळतात, इतकाच त्याचा लाभ. दारावर राणी अडवणारी जाळी लावणेही तात्पुरतेच ठरते, कारण कामकरी माश्या तीतून येतात-जातात, पण जाड अंगाचे नर आत अडकून मरतात आणि नवी राणी आलीच तर तिला मीलनासाठी बाहेर जाता येत नाही. थवा नुकताच पेटीत भरला असेल तर तो तेथे रुळेपर्यंत दोन-चार दिवस ही जाळी उपयोगी पडते. त्यापुढे ठेवू नये.

जितक्या पेट्या तितका मध, असे का नाही?

विभागणी जमू लागली की माणसाला हाव सुटते. एकीच्या दोन, दोनच्या चार. प्रत्यक्षात वसाहतीतल्या बऱ्याच माश्या पिल्ले वाढवण्यात आणि घर ऊबदार ठेवण्यात गुंतलेल्या असतात आणि हा घरखर्च लहान वसाहतीलाही चुकत नाही. चार खोल्यांतून चार चुली पेटल्या की सरपण चौपट लागते, तसेच हे. भरलेली एक पेटी मध देते. तिचे चार तुकडे केले तर चारही कशीबशी जगतात आणि मालकाला साखरेचा पाक पाजावा लागतो. ज्यांना मध हवा आहे त्यांनी एका हंगामात एका भक्कम पेटीची एकदाच विभागणी करावी. ज्यांना पेट्या वाढवायच्या आहेत त्यांनी त्या वर्षी मधावर पाणी सोडावे.

विभागणीत राणीहीन राहिलेल्या पेटीकडे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बारकाईने पाहावे. मीलनाला गेलेली राणी वेड्या राघूच्या किंवा कोतवालाच्या चोचीत गेली तर परत येत नाही. सातेरीच्या कामकरी माश्या राणी नसताना लवकर अंडी घालू लागतात. एकाच घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली दिसली तर ती राणीची नव्हेत हे समजावे. मीलन न झालेल्या या माश्यांच्या अंड्यांतून फक्त नर निघतात. तशी वेळ येण्याआधीच शेजारच्या पेटीतली अंडी असलेली चौकट द्यावी, म्हणजे माश्या तीतून नवी राणी घडवतात, किंवा दोन्ही पेट्या जोडून टाकाव्यात. जोडण्यासाठी एका पेटीवर बारीक छिद्रे पाडलेला वर्तमानपत्राचा कागद ठेवून वर दुसरी पेटी ठेवतात. कागद कुरतडेपर्यंत दोन्ही घरांचे गंध एक झालेले असतात आणि भांडण होत नाही.

थवा फांदीवर बसलाच तर

सगळी काळजी घेऊनही एखादे वर्ष चुकतेच. फांदीवरचा गोळा हा प्रवासातला मुक्काम असतो. तो काही तास टिकतो, कधी एक-दोन दिवस. त्या काळात अनुभवी माश्या ढोली, भिंतीतली पोकळी, रिकामा खोका असे काही शोधून येतात आणि गोळ्याच्या पृष्ठभागावर नाचून दिशा व अंतर सांगतात. फुलांकडे जाण्यासाठीच्या ज्या नृत्याचा अर्थ कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडला आणि ज्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच नृत्याने घराची निवडही होते, हे त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी थव्यांचे निरीक्षण करून दाखवले. वेगवेगळ्या जागांसाठी वेगवेगळ्या माश्या नाचतात, चांगल्या जागेकडे अधिकाधिक माश्या वळत जातात आणि पुरेशा माश्या एका जागेवर जमल्या की सगळा थवा उठतो. आपल्याकडच्या सोसायटीच्या सभांपेक्षा हे काम बरेच लवकर उरकते.

म्हणून थवा दिसल्यावर उशीर करू नये. अंगभर कपडे आणि तोंडावर जाळी घालून आधी गोळ्यावर पाण्याचा हलका फवारा मारावा, म्हणजे माश्या घट्ट बसतात. खाली थवा धरण्याची पिशवी किंवा पेटी धरून फांदीला एक जोरदार झटका द्यावा. मुख्य गोळा राणीसह आत पडतो. पेटीत जुने, स्वच्छ पोळे असलेली एक चौकट आणि दुसऱ्या वसाहतीतली कोवळ्या अळ्यांची एक चौकट ठेवली तर माश्या थांबण्याची शक्यता खूप वाढते, कारण अळ्या टाकून जाणे त्यांना जड जाते. पेटीच्या दारात माश्या पोट वर करून पंख हलवताना दिसल्या की राणी आत आहे असे समजावे. त्या सोबतिणींना गंधाने बोलावत असतात. संध्याकाळी सगळ्या आत गेल्यावर पेटी कायमच्या जागी न्यावी आणि तिथेच आत साखरेचा पाक द्यावा. पाक दिवसा, उघड्यावर दिला तर शेजारच्या पेट्यांतल्या माश्या लूट करायला येतात.

शेजाऱ्यांनी घाबरावे का?

सातेरीचा ताजा थवा सहसा चावत नाही. पोटे मधाने भरलेली असतात आणि राखायला घर, पिल्ले, मध यांतले काहीही नसते. त्यावर रॉकेल ओतणे, धूर कोंडणे किंवा दगड मारणे यामुळे मात्र शांत माश्याही उसळतात. मुलांना वीसेक पावले दूर ठेवून जवळच्या मधपाळाला बोलावणे एवढेच पुरे असते.

येथे एक अपवाद ठळकपणे सांगायला हवा. किल्ल्यांवर, देवळांच्या शिखरांवर, पाण्याच्या टाक्यांखाली उघड्यावर एकच प्रचंड पोळे बांधणारी माशी आग्या असते. ती सातेरीच्या जवळपास दीडपट ते दुप्पट लांब असते आणि स्थलांतराच्या वाटेवर तीही झाडावर पोळ्याशिवाय गोळा करून विसावते. पर्यटकांवर माश्यांच्या हल्ल्याच्या ज्या बातम्या येतात त्या बहुधा हिच्याच असतात. ती पेटीत राहत नाही आणि हौशी माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये. गोळा कोणाचा आहे हे दुरून ठरवता येत नसेल तर तो आग्याचा आहे असे धरूनच वागावे. कोणालाही डंख झाल्यावर अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास लागणे असे काही दिसले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.

फुटणे निराळे, घर सोडणे निराळे

पेटी पूर्ण रिकामी झाली, पोळ्यांत ना मध उरला ना पिल्ले, तर ती फुटलेली नसते. माश्यांनी ती सोडलेली असते. भूक, मुंग्या, मेणकिडा, कडक ऊन, वारंवारची छेडछाड यांपैकी काहीतरी असह्य झालेले असते. सातेरी या बाबतीत मेलिफेरापेक्षा फारच हळवी आहे. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, जवळपास पिण्याला पाणी, दुपारची सावली आणि माश्यांनी न झाकलेली जादा पोळी वेळीच काढून घेणे, एवढ्यावर बहुतेक पेट्या टिकतात. मेणकिडा लागतो तो याच उघड्या पडलेल्या पोळ्यांना, आणि विभागणीत दुबळी झालेली पेटी त्याची पहिली शिकार असते.

त्यामुळे वसंताचा खरा हिशेब मे महिन्याच्या शेवटी होतो. सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत माश्यांना बाहेर फारसे काही मिळत नाही, आणि चार चौकटींवर पसरलेली दुबळी वसाहत ते चार महिने सहसा काढू शकत नाही. फेब्रुवारीत एक असलेल्या पेटीच्या एप्रिलपर्यंत विभागणीने आणि पकडलेल्या थव्याने तीन झाल्या असतील, तर मृगाआधी तिन्ही उघडून पाहाव्यात, सर्वांत कमी अंडी घालणारी राणी काढून तिची वसाहत शेजारणीला कागद घालून जोडावी, आणि पत्र्याखाली, जमिनीपासून हातभर उंच अशा दोन भरलेल्या पेट्या पावसात न्याव्यात.